कोयनेलच्या नावाचं पाणी

भाद्रपद वद्य ३, शके १८६५
आज दवाखान्यात रांग ओट्याखाली उतरून पार लिंबापर्यंत गेल्ती. सगळे हिवतापाचे. भर दुपारी घोंगड्या पांघरून बसलेत, दात वाजून राह्यलेत. हिवतापाचं खरं औषध एकच, कोयनेल, तेही संपत आलंय. जावा बेटाकडून यायचं, लढाईनं ती वाट बंद झाली. उरला होता तो डबा डॉक्टरसाहेबांनी आपल्या कपाटात घातला अन् कुलूप लावलं.
"हा पोलिसांचे अमीनसाहेब आणि तहसीलच्या मंडळींसाठी राहू दे. बाकीच्यांना मिक्श्चर द्या."
"कोयनेल न्हाई तर कशाचं मिक्श्चर, साहेब?"
"चिराइताचा अर्क घाला. कडू लागलं की लोकांचं समाधान होतं."
मी केलं. चिराईत, पेपरमिंटचं पाणी, लाल रंग. बाटल्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. आठ वर्षं कंपाउंडरकी केली, हात चुकला न्हाई. आज तर बिलकुल न्हाई चुकला. त्याचाच राग येऊन राह्यला.
यापुढं या वहीत त्यांना नुसतं 'सा.' लिहिणार. साहेब हा शब्द पुरा लिहायला हात वळंना.

वद्य ५
सोजरबाई दवाखान्यात! गावात हसू पसरलं. म्हातारी मूळची धावड्याची, डोंगरातून गुळवेल, निरगुडी, गजगे आणते. ताप असो, अंगदुखी असो, अर्ध्या गावाला तिचाच काढा. अन् आज रांगेत उभी, गुडघा धरून.
मी म्हणालो, "बाई, तुमची निरगुडी कुठं गेली?"
"हाय की. पाला गरम करून बांधला. पर काल धावड्याहून चालत आल्ते, ठणका राहीना. ती डोकेदुखीची पांढरी पुडी दे. तिच्यानं जल्दी उतार पडतो."
सा. आतून हसले. "वैदीणबाई आमच्या दारात?"
"हासा," ती म्हणाली. "चांगल्याला मी चांगलंच म्हणते, मंग ते तुमचं का असंना."
ॲस्पिरिनची पुडी दिली. ती घेऊन जायचं सोडून शेजारच्या बाईची लाल बाटली हातात घेतली, बूच काढून बोट बुडवलं, चाटलं.
"हे तर चिराईत हाय. कोयनेल कुठंय याच्यात?"
सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली. मी तराजू पुसत बसलो. सा. बाहेर आले, तोंड लाल. "अडाणी बाई, सरकारी औषधाला नावं ठेवतेस? निघ इथून!" ती गेली, लंगडत. तिनं खरं सांगितलं अन् तिलाच बाहेर काढलं. अन् मी तराजू पुसला.

वद्य ६
करीमभाई पिंजारी आला. दरसाल आमच्या गाद्यांचा कापूस पिंजतो, माझ्या लग्नातल्या गादीचाही त्यानंच पिंजला होता. बायकोला, जैबूनला, कालपासून ताप.
"रोजे चालू हैं, मगर मैंने उसके छुड़वा दिए. मेरेकू असल दवा देना भाई."
आत जाऊन सा.ना म्हणालो, चार गोळ्या द्या, माझ्या घरच्यासारखा माणूस आहे.
"घरच्यासारखी माणसं सगळ्यांनाच असतात. मिक्श्चर द्या."
दिलं. करीमभाईनं बाटली दोन्ही हातांनी घेतली. मला दुवा दिली. नको नको म्हणायचं होतं, तोंडातून निघालं काय? "दिवसातून तीनदा, हलवून."

वद्य ९
जैबून गेली.
चार दिवस तिनं ते पाणी घेतलं, एक डोस चुकवला न्हाई. आज पहाटेपासून बडबडायला लागली, म्हणून करीमभाई सोजरबाईकडं धावला. तिनं भाजलेल्या गजग्याची गरी अन् मिरं देऊन पाह्यलं. कपाळाला हात लावला अन् म्हणाली, "हे माज्या हातातलं न्हाई राह्यलं. ताप डोस्क्यात चढला. आत्ताच्या आत्ता जालन्याला न्या. तिथं सुई मिळंल." बैलगाडी जोडली. टेंभुर्णीच्या अलीकडं ओढ्याला पाणी होतं, उतरायची वाट बघत गाडी काठावर थांबली. तिथंच, दुपारी.
वय काय होतं तिचं? तिशीही...

वद्य १०
जैबूनला माती देऊन आलो. कबरस्तानात करीमभाईनं माझा हात धरला. "तूने अपनी तरफ से किया." मला तिथं उभं राहवलं न्हाई.
दवाखान्यात आलो तर सा. रिपोर्ट लिहून राह्यलेले. गावठी वैदिणीच्या विषारी जडीबुटीमुळं मृत्यू. मयत बघितली न्हाई, घरी गेले न्हाईत, सोजरबाईनं गजगा किती दिला, कसा दिला ते विचारलं न्हाई! खुर्चीत बसून विष शोधलं. गजगा विषारी म्हणे. अन् त्यांनीच मला बाटलीत घालायला लावलं ते चिराईत काय इंग्लंडच्या कारखान्यात उगवतं?
मी म्हणालो, "साहेब, मिक्श्चरबद्दल काही लिहिलं न्हाई."
"मिक्श्चर तुम्ही केलं होतं. लिहू?"
मी परत तराजू पुसायला घेतला.

वद्य १२
सोजरबाईला चावडीवर बोलावलं. अमीनसाहेब, सा., दोन शिपाई, अन् उर्दू वाचता येते म्हणून मी. तिची जबानी उर्दूत आधीच लिहून तयार. तिला ना उर्दू वाचता येते ना मराठी. अमीनसाहेब मला म्हणाले, "मुन्शी, मरहट्टीत समजावून सांगा आणि अंगठा घ्या." सा. माझ्याकडं नुसतं बघून राह्यले. काय सांगायचं ते त्या बघण्यात होतं.
शाईची डबी उघडी. म्हातारीनं अंगठा पुढं केलेला. "तू वाच रे बाबा. तू म्हणशील तिथं लावते."
मी जसंच्या तसं वाचलं. 'मी जहरी बी वाटून दिली. सरकारी औषध बंद करायला लावलं. माझ्या हातून जीव गेला, मला कबूल आहे.'
तिनं अंगठा मागं घेतला. लुगड्याला पुसला, शाई लागलीच नव्हती तरी.
"हे कुणी लिवलं? मी तर जालन्याला न्या म्हणून वरडत होते!"
अमीनसाहेबांनी कागद हिसकला. म्हातारीला चावडीतच बसवून ठेवलं. बाहेर आल्यावर सा. म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. चाव्या शिपायाकडं द्या."
दिल्या. कपाटाची चावी माझ्याकडं कधी नव्हतीच.

अमावास्या
घरी बसून तीन दिवस. बायकोला, यमुनेला, सगळं सांगितलं. वाटलं होतं म्हणेल, बराबर केलं.
म्हणाली, "सोजरबाईला खरं वाचून दाखवलं, ते चांगलं केलं. ते दुसऱ्याचं खरं होतं. तुमचं खरं करीमभाईला कधी सांगणार?"
मी चिडलो. नोकरी गेली, अजून काय पाहिजे हिला? ताट सरकवून उठलो. तिनं ताट झाकून ठेवलं. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.
चावडीत म्हातारी अजून आहे. शिपायालाच थंडी भरून आली म्हणे. तिनं आतून सांगितलं गुळवेल कशी ठेचायची, किती पाणी, किती आटवायचं. अन् हीच लोकांना विष देते!

आश्विन शुद्ध १
घरोघर घट बसले. मी करीमभाईकडं गेलो. कापसाच्या ढिगाजवळ बसला होता, पिंजायची धनुकली बाजूला, हात रिकामे.
सांगितलं. बाटलीत कोयनेल न्हवतं. मला ठाऊक होतं. मी केलं, मी दिलं, तीनदा हलवून घे म्हणालो.
त्याला पहिल्यांदा समजलंच न्हाई. "मतलब?"
परत सांगितलं.
"कड़वी थी," म्हणाला. "जैबून बोलती थी, बहुत कड़वी है, असल होगी. मैं जबरदस्ती पिलाता था."
मी सांगितलं, गोळ्या कपाटात होत्या, मागितल्या, मिळाल्या न्हाईत. हे सांगताना मलाच माझी किळस आली. आपला भार दुसऱ्यावर सरकवून राह्यलो.
"उसी दिन कायकू नहीं बोला? उस दिन बोलता तो मैं उसी दिन गाड़ी जोड़ता."
त्या दिवशी ओढा कोरडा होता.
तो उठून आत गेला. दार लावलं न्हाई. मीच निघालो.

शुद्ध २
ईद. करीमभाईच्या घरून धूर न्हाई. यमुनेनं शेवया करून पाठवल्या, परत आल्या.
सांजच्याला पाटलानं निरोप दिला: औरंगाबादेहून मोठे डॉक्टर चौकशीला परवा चावडीवर येणार. गावानं अर्ज केला होता म्हणे, सोजरबाईसाठी. अर्जावर चाळीसेक अंगठे. आमच्या दवाखान्याच्या औषधावर बरं झालेलं एकही माणूस सा.ना त्या रांगेतून मिळायचं न्हाई, पण कागद अन् शिक्का त्यांच्याकडं आहेत. माझ्याकडं काय? बडतर्फ कंपाउंडरचं तोंड. सा. म्हणतील, नोकरी गेली म्हणून खोटं बोलतो. न्हाई तर म्हणतील, मिक्श्चर यानंच बिघडवलं. अन् तेही लिहून घेतील, उर्दूत, सुंदर अक्षरात.
भ्यालो आहे. कशाला लपवू.

शुद्ध ३
सकाळी करीमभाई दारात. आत ये म्हणालो, आला न्हाई.
"कल बड़े डॉक्टर के सामने बोलेगा? जो मेरेकू बोला, वोइच?"
"बोलेन."
"तेरा नाम भी लेगा?"
"माझंच आधी घेईन."
मंग म्हणाला, "मैं आ रहा हूँ. तेरे वास्ते नहीं. सामने खड़ा रहूँगा. एक लफ्ज भी छोड़ा तो वहीं बोलूँगा."
गेला.
यमुनेनं सदरा धुऊन दोरीवर टाकला. विचारलं, "काय म्हणाले?"
म्हणालो, "उद्या येतो म्हणाला."