भुऱ्यासाठी लावलेला टीव्ही

अमरावती, मंगळवार संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. भुऱ्या फ्लॅटमध्ये एकटा भुंकत बसतो, म्हणून क्लासवर शिकवायला जाताना त्याच्यासाठी टीव्ही लावून जायचं, ही अक्कल माझीच. आधी निळ्या पाण्यातले मासे लावले. कुत्र्यांना निळा-पिवळा रंग चांगला दिसतो म्हणे. ढुंकूनही पाहिलं नाही त्यानं. काल बासरी, तर रडला. आज वाटलं, गावचा कुत्रा आहे, झाडं दाखवू. मेळघाटचं जंगल लावलं, आवाज बारीक ठेवून.

परत आले तर जिन्यातच खालच्या काकू. "काहून वं, दुपारपासून बोंबलून राहिला तो! आमी झोपाव का नाई?"

आत टीव्ही जागेवर, पण दाराला आतून ओरखडेच ओरखडे. चिडला टीव्हीवर, मग दार कशाला ओरबाडायचं? आणि वर शेपूट हलवतोय, शाबासकी मिळाल्यासारखा!

मोर्शीला बाबांना फोन लावला. ते हसायलाच लागले.

"वानरं होते का त्याच्यात?"

होती. झाडाझाडावर हुपहुप करत होती.

"मंग तो काहून गप बसन? आपल्या संत्र्याच्या बगीच्यातले वानरं हाकलल्याबिगर त्याले भाकर गोड लागे नाई."

तिथून हौसेनं इथं आणला कोणी? मीच.

दारावरचे ओरखडे पुन्हा पाहिले. सगळे कडीच्या खाली. वानरं हाकलायला बाहेर जायचं होतं त्याला. आता रागवायचं तरी कोणावर? कामाला हाक मीच मारली, आणि बाहेरून कुलूपही मीच घातलं.