मौनाचं सोंग

प्रिय पौर्णिमा,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, तब्येत बरी आहे. दोन महिने झाले, तुझ्याशी धड बोलले नाही. तू फोन केलास की मी नुसतं "हं" म्हणते आणि ठेवते. व्हिडिओ कॉल तर घेतच नाही. आईला निकेश पसंत नाही, असा तू अर्थ काढलास. तुझ्या जागी मी असते तर मीही तोच काढला असता. म्हणून आज लिहायला बसले. पाठ दुखते, डोळ्यांना पाणी येतं, पण हे तुझ्या भावाकडून, रत्नदीपकडून निरोप पाठवून सांगण्यासारखं नाही.

आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावासाचं तीन महिन्यांचं ग्रंथवाचन सुरू झालं. तुला माहीत आहे, एकवीस वर्षं ते माझ्याकडे आहे. पांढरं पातळ नेसून, चष्मा पुसून बसले. वरची कवळी काही महिन्यांपासून सैल झाली होती, पावडर लावून कसंबसं रेटत होते. दुसऱ्याच पानावर ती सुटली आणि उघड्या ग्रंथावर पडली. समोरच्या पोरी फिसकन हसल्या. बायका हसल्या नाहीत, त्यांनी माना खाली घातल्या. ते हसण्याहून वाईट होतं. घाईघाईत उचलायला गेले, तर हातातून निसटून फरशीवर पडली आणि दोन तुकडे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन आला, निकेशशी नोव्हेंबरात लग्न करायचं ठरवलंय हे सांगायला. तू भरभरून बोलत होतीस आणि मी इकडे तोंडाला पदर लावून ऐकत होते. सकाळी एकटीने वंदना म्हणून पाहिली होती. बुद्ध म्हणताना 'द' जागेवर येत नव्हता, नुसता वारा जात होता. तसल्या आवाजात तुझ्याशी काय बोलणार? "हं" म्हणाले. तू फोन ठेवलास.

संध्याकाळी विहारातल्या आनंदाबाई दारात. "मीराबाई, आज काऊन नाई आल्या वाचाले?" मी वहीत लिहून दिलं, वर्षावास संपेपर्यंत मौन धरलं आहे. एवढी एकच ओळ, पण ती वस्तीभर झाली. आता लोक वाकून नमस्कार करतात. आनंदाबाई माझ्या जागेवर बसून वाचतात आणि वाचन संपलं की सगळ्यांना सांगतात, "मीराबाईसारखं आपल्याले कवा जमन?" मी मागे भिंतीला टेकून बसते. सगळे पंचशील म्हणतात, चौथं शील येतं, खोटं बोलणार नाही. तोंडातून शब्द न काढता मी रोज खोटं बोलते आहे, आणि वस्तीतल्या लेकरांना पंचशील शिकवलं मीच!

रत्नदीपने मला वर्ध्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तुला सांगायचं नाही, अशी शपथ मीच घातली होती, त्याच्यावर चिडू नकोस. स्कॅन काढला. इतकी वर्षं कवळी वापरून वरचं हाड झिजलंय, नवी कवळीही नीट धरणार नाही, म्हणाले. हाडाची भर घालून जबड्यात सहा स्क्रू बसवायचे, ते हाडात पक्के व्हायला सहा महिने, मग त्यांवर कायमचे दात. जन्मभर दवाखान्यात सिस्टर म्हणून "घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं होईल" म्हणत लोकांना सुया टोचल्या, पण त्या खुर्चीवर बसल्यावर मीच डोळे गच्च मिटून घेतले. ऑगस्टमध्ये स्क्रू बसले. तोंड भोपळ्यासारखं सुजलं. तेव्हापासून दलिया, वरण आणि पातळ खिचडी. थकले गं. दुखण्याने थकले त्याहून लपवण्याने जास्त थकले.

आता लिहितेच आहे तर सगळंच लिहिते. तुझा फोन आला तेव्हा मन खट्टू झालं होतंच. निकेशचं दुकानदाराचं घर, त्यांचे देवधर्म वेगळे, आपली वंदना वेगळी. माझी पोर तिथे वंदना म्हणू शकेल का, असं वाटलं. दात नव्हते हे खरं, पण गप्प राहायला मला आयतं कारण मिळालं, हेही खरं.

मागच्या रविवारी निकेश पुलगावहून आला, एकटाच. रत्नदीपने त्याला सांगितलं की आईचं मौन आहे. तर तो माझ्यासमोर बसला आणि आपणही गप्प राहिला. चांगला अर्धा तास! मौन धरलेल्या माणसापुढे बोलायचं नसतं, असं त्याला कुणी शिकवलं कोण जाणे. मला हसू आवरेना, आणि पदर दातांत धरावा तर वरचे दातच नाहीत. चहा झाल्यावर त्याने कप स्वतः धुऊन ठेवला, माझी वही घेऊन "येतो, आई" असं लिहिलं आणि गेला. अशा पोराला मी फसवलं, हे मला फार लागलं.

आणि काल रत्नदीप म्हणाला, "ताई नागपूरले नोंदणी करून राह्यली. तीन साक्षीदार अन् बस. म्हणे, आईले नकोच हाय तं विहार कायले?" ते ऐकून मी कागद शोधला. अगं, मला हवं आहे. लग्न आपल्या विहारातच कर आणि ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरातच कर. माझे पक्के दात फेब्रुवारीत यायचे, त्यांच्यासाठी थांबू नकोस. त्रिशरण मीच म्हणणार, तोवर मिळाली तर तात्पुरत्या कवळीने, नाहीतर नुसत्या हिरड्यांनी. पोरी हसल्या तर हसू देत. या रविवारी वाचनाआधी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगणार आहे, पण आधी तुला सांगायचं होतं. पत्र मिळालं की फोन कर. या वेळी मी बोलेन. कळलं नाही तर पुन्हा विचार, मी पुन्हा सांगेन.

तुझीच,
बोळक्या तोंडाची आई