पहिला पेला

अंबरनाथ,
एप्रिल २००६

प्रिय सम्यक,

सप्रेम जय भीम.

तुझी परीक्षा तोंडावर आली आहे, अशा वेळी घरचं काही कळवू नये, हे मला समजतं. तरी लिहायला बसले आहे.

आजीला जाऊन वर्ष होईल. तिचा माठ अजून दाराबाहेर तिपाईवर असतो. एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला जाणारे लोक नाक्यावर रिक्षातून उतरले की अजूनही आपल्याकडे थांबून पाणी पितात. आजी रोज माठ भरून पहिला पेला स्वतः प्यायची, तोही दारात उभी राहून, चारचौघांना दिसेल असा. मला वाटायचं, तिला तहानच फार लागते. एकदा तू तिच्याआधी पेला उचललास तेव्हा तिने तुला चापट मारली होती. मग आपल्याला जवळ घेऊन सांगितलं, की गावात तिच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे आणि तिच्या हातचं कोणी घेत नसे. "इथं घेतात. मग ते चांगलं हाय का, हे आधी मीच बघाया नको?"

आता पहिला पेला आई पिते.

नळाला पाणी येत नाही तेव्हा माठ चाळीच्या बोअरिंगवर भरतो, हे तुला माहीत आहे. फेब्रुवारीपासून त्या पाण्यात पिवळट झाक दिसू लागली. मी बाटली भरून आमच्या लॅबमध्ये नेली. क्रोमियम निघालं, पिण्याच्या पाण्यात कधीच असू नये इतकं. माझीच चूक असेल म्हणून पुन्हा तपासलं. तेच आलं. आमच्या कंपनीत रंग बनतात आणि मागचा नाला चाळीला लागून जातो. साहेबांना दाखवलं, तर ते शांतपणे म्हणाले, "मैत्रेयी, घरचं पाणी घरी ठेवायचं."

आईला काय सांगू ते सुचेना. माठ गळतोय म्हणाले आणि पालथा घातला. तर ती दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरला जाऊन नवा घेऊन आली. "सास के नाम का मटका है, ठोक के देना," असं सिंधी दुकानदाराला बजावून आणलेला. घरी आल्यावर तिने बोअरिंगच्या पाण्याने तो भरला आणि पेला तोंडाशी नेला. मी तो हातातून ओढून घेतला. तिला वाटलं, मला आजीचा मान हवा आहे. हसून म्हणाली, "पी, पदवीधरबाई. तुझाच मान."

मी पेला खाली ठेवला. मग सगळं सांगितलं.

आई पायरीवर बसली. म्हणाली, "म्हातारी पण हेच प्याली का गं?" आजीच्या शेवटच्या दुखण्याचं तिच्या मनात आलं असणार. मला माहीत नाही, सम्यक. आता ते कळायचा मार्गही नाही. आईने माठ मोरीत ओतला. त्या दिवशी दारात थांबलेल्यांना तिने काय सांगितलं असेल? "आज पाणी नाही." आपल्या दारातून हे शब्द कधी गेले नव्हते.

मी अर्ज लिहिला आहे. सोमवारी नगरपालिकेत आणि प्रदूषण मंडळात देणार. खाली माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. नोकरी राहणार नाही. एवढ्यात दुसरी मिळेल असंही नाही. तुझं शेवटचं वर्ष याच पगारावर आहे, आणि बाबांची कंपनी बंद झाल्यापासून घरही. फोन केला असता तर तू लगेच हो म्हणाला असतास, म्हणून पत्र लिहिलं. नीट विचार कर. रागावलास तरी चालेल. तू नको म्हणालास तरी मी थांबेन असं वाटत नाही, पण याची पहिली झळ तुलाच लागणार, आणि आजी पहिला पेला आपणहून प्यायची, तो तुला न विचारता दिला तर तिची रीत मोडेल. या खेपेला पहिला पेला तुझ्या वाट्याला येतो आहे रे.

तुझीच,
ताई