‘फ’ आणि ‘भ’च्या नोंदी

४ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुमच्या कोशाच्या पुरवणीची मुद्रितं तपासतोय. ‘फ’पर्यंत आलो आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ‘फुरोगामी: पुरोगाम्यांना चिडवण्याचा शब्द.’ खाली उदाहरण: ‘या फुरोगाम्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.’ बोलणारा: निवृत्त मोजणीदार. अगं, हे तर तुझ्या बाबांनी मलाच सुनावलेलं! म्हणजे ‘भ’मध्ये मी त्यांना हाणलेला ‘भक्त’ही असणारच. तुमच्याकडे जेवताना झालेल्या त्या भांडणाला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी तुमची पायरी चढलेलो नाही. आता ते भांडण छापून घरोघर वाटणार आहेस का? दोन्ही वाक्यं काढून टाक. ताई बरी आहे ना?

लोभ आहेच, सध्या थोडा रागही आहे.
मामा

९ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

चूक माझीच. नवा शब्द कानावर पडला की कार्ड करायचं, ही खोड. तुम्ही दोघं तावातावाने भांडत होता आणि मी ताटाआड पेन्सिल चालवत होते. पण आमच्याकडे मनचं वाक्य चालत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. खरोखर ऐकलेलं नवं वाक्य आलं, तरच जुनं निघतं. छपाई पंधराला.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. वाचायला बंदी. आई पेपर वाचून दाखवते, तर म्हणतात, ही सगळ्याला हो म्हणते, काही मजा नाही. तुझं नाव काढत नाहीत. पण बेल वाजली की मान दाराकडे वळते. मला तुम्ही दोघं एका खोलीत हवे आहात रे.

राग ओसरला की लोभ दुप्पट करावा.
ठकू

१३ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

काल पेपर काखोटीला मारून गेलो. तू कचेरीत होतीस. ताईने दार उघडलं आणि चहा टाकला. अग्रलेखाच्या तिसऱ्या ओळीलाच आमची जुंपली. दोन तास! जाम बरं वाटलं.

तर दुरुस्ती लिहून घे. तारीख कालची, साक्षीला तुझी आई.

फुरोगामी: ‘फुरोगाम्या, दोन वर्षं लावलीस. बस आता, वाच.’ बोलणारा: निवृत्त मोजणीदार.

भक्त: ‘अहो भक्त, मान हलवू नका, औषधाचा थेंब गालावर सांडतोय.’ बोलणारा: मुद्रितशोधक.

उद्याही जाणार आहे. लोभ दुप्पट केला आहे, पोच दे.
मामा