आजाऱ्यापुढं तोंड झाकू नाही

माय, आज तुह्याशी भांडाले कागद घेऊन बसली आहे. पण आधी आनंदाचं सांगते. माही नात मोताळ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिले लेक झाली, आन् ती ड्युटीवर गेली की लेक दिवसभर माह्यापाशी. दात नाहीत, डोक्यावर केस नाहीत, पण हसली की तूच समोर! डोक्याचं सोड, हसण्याचं म्हणते मी.

आता भांडण. तू म्हणायची, आजाऱ्यापुढं तोंड झाकू नाही, त्याले वाटते आपली किळस आली. गल्लीत कोनाले खोकला धरला, त्याचे घरचेही दूर सरले, की तू भाकर घेऊन त्याच्या खाटेवर जाऊन बसणार, वरून त्याच्याच गिलासानं पाणी पिणार. तुले कधी काही झालं नाही, आन् तेच आपल्या घरात शास्त्र होऊन बसलं.

मागं वार्डात आपल्याच गावचा एक म्हातारा भरती झाला. खोकून खोकून बरगड्या वर आलेल्या. नात मास्क लावून गेली, तं तो म्हणे, "काऊन वो बाई, माही किळस येते का? तोंड तं दाखव, कोनाची पोरगी तू?" झालं! पोरीनं मास्क हनुवटीखाली ओढला, जवळ बसली, चमच्यानं पेज पाजली. मंग त्याची थुंकी तपासली तं टीबी निघाला.

त्या दिवशी ती घरी आली आन् अंगणातच थांबली. लेक तिच्याकडं झेपावून रडे, आन् ही लांबून म्हणे, "आजी, तिले आत ने वो."

"एवढी शिकलीस, मास्क काऊन काढला?" सारं आईकून मी खेकसली.

"तुह्या मायचं तूच तं सांगत होती ना आम्हाले!"

मंग लेकराले उचलून मी आत नेलं.

छातीचा फोटो साफ आला, तवा लेक तिच्या मांडीवर गेली. पण डॉक्टर म्हणे, लागण झाली असली तरी लगेच कळत नाही, पुन्हा तपासू. म्हणून जीव अजून टांगलेलाच. ती मात्र परत कामावर. म्हाताऱ्यानं पुन्हा म्हटलं, "तोंड दाखव." ही मास्कातूनच म्हणे, "गोळ्या पुऱ्या घ्या आबा, बरे व्हा, मंग घरी या. तोंडही पाहा, जेवूनही जा." म्हातारा हसला म्हणे. मी तं आईकूनच खूश! एवढं साधं तुले काऊन नाही सुचलं वो?

तू जाऊन इतकी वर्षं झाली, हा कागद कुठी पाठवाचा, डाळीच्या डब्याखाली ठेवून देते. एक सांगू? काल शेजारीण खोकत खोकत ओट्यावर येऊन बसली. लेकराले मी झटकन आत नेऊन निजवलं. पण परत येऊन तिच्यासमोर आपल्या तोंडाले पदर लावणं काही मले जमलं नाही, माय. तिले काय वाटलं असतं?