सहकुटुंब चालण्याची सोपी वाट

प्रिय धाकट्या,

माझ्या घरामागच्या बागेत नगरपालिकेने एक नवी वाट केली आहे. सुरुवातीलाच फलक आहे: 'सोपी वाट. सहकुटुंब चालण्यासाठी.' लांबी दीड किलोमीटर, चढ शून्य. तरी दर पन्नास पावलांवर बाण रंगवलेत. गोल वाटेवर कोण कसा हरवणार, ते बाण रंगवणाराच जाणे. मध्ये एक लाकडी पूल आहे. त्याखाली ओढा नाही, पाणी नाही, साधा खड्डासुद्धा नाही. लोक त्यावर उभे राहून फोटो काढतात. काल एक गृहस्थ मनगटावरच्या घड्याळाकडे बघत जागच्या जागी पाय आपटत होते, पावलं भरावीत म्हणून. दिवसभर लोकांच्या किडक्या दाढा उपटून मी तिथे जाते आणि वाटतं, यापेक्षा दाढा बऱ्या.

जाते, कारण बाबांना न्यावं लागतं. हो, बाबांना. उन्हाळ्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, मग थोडी परत आली. तुला कळवलं नाही. तूही कधी विचारलं नव्हतंस. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास सपाटीवर चालवा. तीस वर्षं पोरांना दोरावर लटकवून गिर्यारोहण शिकवणारा हा माणूस, विद्यार्थी ज्याला पाठीमागे 'कडा' म्हणत, तो आता त्या खोट्या पुलाचा कठडा धरून एकेक पाऊल टाकतो. बाबागाड्या त्याला मागे टाकून जातात. मला दया येत नाही. खरं सांगायचं तर पहिला आठवडा मजाच वाटली.

आई असती तर मला रागावली असती. पण तिचं काय घेऊन बसायचं? तुझा घोटा मोडला तेव्हाही ती म्हणाली होती, त्यांचा जीव आहे रे तुझ्यावर. नऊ वर्षांचा होतास तू. खडकावरून पडलास आणि बाबा वरूनच म्हणाले, 'ऊठ. नाटकं नकोत.' मोडक्या घोट्यावर तुला तीन तास चालवत खाली आणलं. मी तुझी पिशवी घेऊन मागून येत होते, गप्प. बारा वर्षांची मुलगी काय बोलणार, असं स्वतःला सांगत आले आहे. फारसं पटत नाही. हाड वाकडं जुळलं आणि जेवताना ते तुला 'लंगड्या' म्हणू लागले. एकोणिसाव्या वर्षी तू निघून गेलास. त्याला सोळा वर्षं झाली.

गेल्या रविवारी आमच्या पुढ्यात चारेक वर्षांची एक मुलगी सायकलवरून पडली. तिचा बाप फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला, 'ऊठ, काही झालेलं नाही.' बाबा थांबले. काठी माझ्या हातात दिली आणि फरफटत त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले. त्यांचे शब्द आता जड निघतात. 'उचल तिला,' म्हणाले. तो हसला. 'लागलं नाहीये हो, आजोबा.' 'आधी उचल. मग बघ लागलंय का.' तो वैतागला, मला म्हणाला, 'यांना आवरा.' मी आवरलं नाही. शेवटी उचललं त्याने तिला, बहुधा म्हातारा समोरून हलेना म्हणून. बाबा घामाघूम होऊन बाकावर बसले. मी रुमाल पुढे केला आणि म्हटलं, फार उशिरा सुचलं तुम्हाला.

घरी आलो. दारात बूट काढताना म्हणाले, 'त्याला लिही.' काय लिहू, विचारलं. चुकलो, असं काहीतरी निघेल म्हणून मी उभी राहिले. बराच वेळ ते नाडीशी झटत होते. मग म्हणाले, 'लिही, वाट सपाट आहे. त्याच्या पायाला त्रास होणार नाही.' एवढंच. ही माफी असेल, तर इतकी दरिद्री माफी मी आजवर पाहिली नाही. तू हे पत्र फाडलंस तरी मी तुझ्याच बाजूने आहे. निरोप होता तसा पोचवला. मी तुला ये म्हणत नाही. पण त्या दिवसापासून समोरून कुणी जरा लंगडत आलं, की ते थांबतात, मान पुढे काढून त्याचा चेहरा बघतात, आणि तो माणूस निघून गेला तरी बघत राहतात. ते मात्र माझ्याने बघवत नाही.

तुझीच,
ताई