जिवंत माणसाच्या अंगणातला तंबू

नारीनचं इस्पितळ, खिडकीजवळची खाट

आदरणीय अनार एजे,

धाकट्या भावाचा, शार्शेनचा, वाकून सलाम. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या गाई कशा आहेत? मी मजेत आहे. (मजेत म्हणजे, छातीला वायरी चिकटवल्या आहेत आणि नर्स उठू देत नाही.) मी गेलो असं तुझ्या कानावर आलं असेल तर ते खरं नाही, निदान आज दुपारी दोनपर्यंत तरी नाही.

झालं असं, की काल सकाळी मेंढ्यांना गवत घालताना छातीत अशी कळ आली की मी गवतातच बसलो. तुझ्या भावजयीने, काकीशने, आणि मेहुण्याने, मुकाशने, मला गाडीत घातलं आणि मुकाश मला इथे घेऊन आला. इथे जिपार नावाच्या डॉक्टरबाई आहेत, वयाने माझ्या मुलीएवढ्या, आवाजाने सासूएवढ्या. त्यांनी रक्त घेतलं आणि सांगितलं, हृदयाचं मांस दुखावलं की त्यातलं ट्रोपोनिन रक्तात उतरतं. आकडा जितका मोठा, तितकी इजा मोठी. पहिला आकडा चारशे. तीन तासांनी पुन्हा रक्त, तर अठराशे! एजे, आपण जन्मभर कळपाची डोकी वाढली की खूश झालो, वाढत्या आकड्याला घाबरायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, चढून कुठे थांबतो आणि कधी उतरतो ते बघायचं. पण आपल्याकडे वाईट बातमी रोग्याला कोण सांगतं? ती घरच्यांना सांगतात, रोग्याला गोड बोलतात. संध्याकाळी नर्सने मला न मागता जर्दाळूचा मुरंबा दिला आणि मी काय ते समजलो.

आज सकाळी न राहवून घरी फोन लावला. काकीशने उचलला, पण तिच्या आधी मागचा बायकांचा विलाप ऐकू आला, आणि बाहेर पुरुषांचा हंबरडा, 'अरे माझ्या भावा, कुठे गेलास रे!' मी विचारलं, कोण गेलं? ती म्हणाली, 'तुम्ही, असं म्हणतायत सगळे.' मुकाशने अंगणात लोकरीच्या नमद्याचा, मयताचा तंबू उभा केला होता. आपल्या गावात घराशेजारी असा तंबू दिसला की आत कोण ठेवलंय हे कुणी विचारत नाही, रडतच यायचं. काकीशला वाटलं, इस्पितळाने शेजाऱ्यांना आधी कळवलं असेल, म्हणून तीही रडायला बसली. आणि मला वाटलं, बाईंनी आकडा घरी कळवला, फक्त मलाच सांगायचं राहिलंय! तेवढ्यात शेजारचा ओस्मोन मयताच्या जेवणाला माझी तांबूस घोडी कापायला घ्या म्हणाला. मी ओरडलो, 'घोडीला हात लावाल तर याद राखा!' ओस्मोनने घाबरत विचारलं, 'शार्शेन, तू कुठून बोलतोयस बाबा?' खरं सांगतो, क्षणभर मलाही खात्रीने सांगता येईना.

ओरडलो म्हणून बाईंनी फोन काढून घेतला, म्हणून हे पत्र. संध्याकाळी तुमच्या कोचकोरला येणारा टॅक्सीवाला आणून देईल. तिसऱ्यांदा रक्त नेलंय, उत्तर चारला. मला भीती वाटते, एजे. दाराशी पावलं वाजली की मी डोळे मिटून घेतो. मुकाशसारखा गाढव मेहुणा अल्ला कुणाला न देवो. तू तिथूनच दुवा कर, डोलोन खिंडीत बर्फ असेल, उगाच येऊ नकोस.

तुझा,
शार्शेन

ता.क. चार वाजले. आकडा बाराशे. बाई म्हणतात, उतरायला लागला, इजा बेताची दिसते. पण उद्या दुपारी पुन्हा रक्त घेणार.

आणखी ता.क. मुकाशला बोलू नकोस. गाडीत मीच त्याचा हात धरून म्हणालो होतो, परत गेल्यावर तंबू लाव, काकीशला एकटीला जमायचं नाही. मी परत येईन असं मला वाटलंच नव्हतं.

शेवटचं ता.क. काकीश नेहमी म्हणते, तू प्रत्येक भावंडासाठी मरणानंतर गायचा विलाप रचून ठेवला आहेस. माझा घेऊन ये. उद्या रक्त घेताना माझ्याजवळ बस आणि तो हळू आवाजात म्हण. मी गेल्यावर तू काय म्हणणार होतीस, ते मला आत्ता ऐकायचंय. खिंड उघडी आहे, मी विचारलंय. टॅक्सीवाल्याने सकाळी परत येताना तुझ्यासाठी पुढची जागा राखून ठेवली आहे.